हेलिकल पेप्टाइड रचण्याची साधनं: कित्येक महिन्यांच्या वापरानंतर काय टिकलं

हेलिकल पेप्टाइड म्हणजे मळसूत्रासारखी (हेलिक्स) वळणारी अमिनो आम्लांची छोटी साखळी. अशा पेप्टाइडची ऑर्डर दिली की कुपी हातात पडेपर्यंत आठवडे जातात, आणि शुद्धता 95 टक्क्यांच्या वर मागितली की बिलही चांगलंच फुगतं. म्हणून सिक्वेन्स, म्हणजे अमिनो आम्लांचा क्रम, आधी संगणकावर चाळून घेणं भागच असतं. नागपुरात आमच्याकडे त्यासाठी ॲगाडिर, हेलिक्वेस्ट, एमपीईएक्स आणि ग्रोमॅक्स गेले कित्येक महिने रोजच्या वापरात आहेत. पहिल्या तिघांबद्दल एक गोष्ट आधीच सांगायला हवी: प्रत्येकाने स्वतःचं माध्यम गृहीत धरलेलं आहे, पाणी, पटलाचा (पेशीभोवतीच्या लिपिडच्या पातळ आवरणाचा) पृष्ठभाग किंवा पटलाचा गाभा. निकालाच्या पानावर ते ठळक लिहिलेलं नसतं, आणि नव्या विद्यार्थ्यांची गफलत नेमकी तिथेच होते.

ॲगाडिर पाण्यासाठी. सिक्वेन्स, पीएच, तापमान, आयनांची तीव्रता दिली की ते प्रत्येक रेसिड्यूसाठी (साखळीतल्या एकेका अमिनो आम्लासाठी) हेलिक्सची टक्केवारी काढून देतं. टोकांचा पर्याय नीट निवडा. मोकळं एन-टोक धनभारित आणि सी-टोक ऋणभारित असतं, आणि दोन्ही हेलिक्सच्या द्विध्रुवाच्या (तिचं एन-टोक मुळातच किंचित धन, सी-टोक किंचित ऋण असतं) विरोधात जातात. एन-टोकाला ॲसिटिल, सी-टोकाला अमाइड लावून हे भार घालवले की लहान पेप्टाइडचा आकडा बराच वर सरकतो. मात्र ऑर्डरमध्येही तीच टोकं मागवायला हवीत. एका वळणात 3.6 रेसिड्यू बसतात, त्यामुळे चार जागांच्या अंतरावरचे दोन रेसिड्यू एकाच बाजूला येतात. ग्लुटामिक आम्ल आधी आणि चार जागा पुढे लायसिन हा क्रम ठेवा; उलट क्रमाचा फायदा कमी मिळतो. पहिल्या वळणाच्या आधी सेरिन किंवा ॲस्पार्टिक आम्ल ठेवलं तर टोक छान बांधलं जातं.

ॲगाडिरची खरी मर्यादा म्हणजे ते पेप्टाइड एकटंच आहे असं धरून चालतं. एका बाजूला ल्युसिनची सलग पट्टी असली की पाण्यात रेणू एकमेकांना चिकटतात आणि हेलिक्स अंदाजापेक्षा जास्त दिसते. तपासणी सीडीवर (सर्क्युलर डायक्रोइझम, म्हणजे ध्रुवित प्रकाशाच्या शोषणावरून हेलिक्स मोजणं) सोपी आहे: 100 मायक्रोमोलर द्रावण 1 मिमी क्युव्हेटमध्ये आणि 10 मायक्रोमोलर द्रावण 10 मिमी क्युव्हेटमध्ये घ्या. पेप्टाइडचं शोषण दोन्हीकडे सारखंच राहतं. प्रति रेसिड्यू सिग्नल वेगळा आला तर गठ्ठे बनताहेत.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. पेस आणि शोल्ट्झ यांच्या 1998 च्या मोजपट्टीत ॲलानिन शून्यावर आहे, आयसोल्युसिनला 0.41, व्हॅलिनला 0.61 आणि ग्लायसिनला 1 किलोकॅलरी प्रति मोल इतका दंड पडतो. हे झालं पाण्यातलं. पटलात हा क्रम बराच बदलतो: तिथे जलविरोधीपणाच निर्णायक ठरतो, आणि व्हॅलिन, आयसोल्युसिन उत्तम हेलिक्स देतात. ॲलानिनने भरलेला, पाण्यात छान वळलेला पेप्टाइड पटलाकडे ढुंकूनही पाहत नाही. तेव्हा पटलासाठीचा सिक्वेन्स ॲगाडिरच्या कमी आकड्यावरून बाद करू नका.

हेलिक्वेस्ट 18 रेसिड्यूंच्या खिडकीत जलविरोधी मोमेंट काढतं, म्हणजे हेलिक्सची पाणी टाळणारी आणि पाण्याला धार्जिणी बाजू किती वेगळ्या आहेत याचा आकडा. चाकाचं चित्र सुरेख, वेगही उत्तम. पण त्यातला डी हा, पेप्टाइड पटलाला चिकटेल का ते सांगणारा, निकष डोळे झाकून घेऊ नये. सूत्र असं: 0.944 गुणिले मोमेंट, अधिक 0.33 गुणिले निव्वळ भार. भार अधिक 4 असेल तर मोमेंट अवघा 0.1 असतानाही डी 1.41 येतो, म्हणजे 0.68 च्या मर्यादेच्या दुप्पट. दोन बाजू धड वेगळ्या नसलेला पेप्टाइड निव्वळ लायसिनच्या जोरावर पास होतो! आम्ही मोमेंट आणि भार नेहमी वेगवेगळे वाचतो. शिवाय भार पीएच 7.4 ला, हिस्टिडिन उदासीन धरून मोजलेला असतो. हेलिक्वेस्टला पाचपैकी साडेतीन.

पटलाच्या आरपार जाणाऱ्या हेलिक्ससाठी एमपीईएक्स. प्रति रेसिड्यू 1.5 अँगस्ट्रॉम उंची धरली तर 20 रेसिड्यू म्हणजे 30 अँगस्ट्रॉम, पटलाच्या गाभ्याला पुरेसं. विम्ली-व्हाइट यांच्या ऑक्टॅनॉल पट्टीत (पाण्यातून तेलकट ऑक्टॅनॉलमध्ये जायची ऊर्जेतली किंमत) भारित ॲस्पार्टिक आम्लाला 3.64 किलोकॅलरी प्रति मोल मोजावे लागतात, प्रोटॉन लागल्यावर फक्त 0.43. आम्लात पटलात शिरणारं आणि उदासीन पीएचला बाहेर राहणारं पेप्टाइड याच फरकावर उभं करता येतं. दोन्ही टोकांना दोन-तीन लायसिन जोडा, नाहीतर शुद्धीकरणातच सगळं अडकतं.

सिक्वेन्सवरून प्रथिनांची रचना सांगणाऱ्या अल्फाफोल्डला पीएच किंवा लिपिडचं पटल सांगताच येत नाही. त्याने आत्मविश्वासाने दाखवलेली हेलिक्स माध्यमाबद्दल काहीच सांगत नाही.

ग्रोमॅक्स रेणूंची हालचाल संगणकावर चालवून दाखवतं. त्यात माध्यम तुम्हीच मांडता, म्हणून शेवटची चाळणी तीच. जिवाणूंच्या पटलासाठी पीओपीई आणि पीओपीजी ही लिपिडं 3:1, चार्म36एम फोर्सफील्ड (अणूंमधल्या बलांची सूत्रं), 310 केल्विन, दाब सेमीआयसोट्रॉपिक (पटलाच्या पातळीत आणि उभ्या दिशेत वेगळा सांभाळलेला). सुरुवात हेलिक्सपासून केली की 100 नॅनोसेकंदांत ती टिकतेच, त्यात सिद्ध काहीच होत नाही. ताणलेल्या रचनेपासूनही स्वतंत्र रन लावा आणि दोन्ही एकाच ठिकाणी येतात का पाहा. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की ग्राफिक्स कार्ड तापून वेग उतरतो, म्हणून चेकपॉइंट (रन मध्येच जतन करण्याचं अंतर) 15 मिनिटांवरून 5 वर आणलेला बरा.

अखेर निकाल सीडीचाच. 18 रेसिड्यूंच्या पूर्ण हेलिक्सला 222 नॅनोमीटरवर 25 अंशांना प्रति रेसिड्यू सुमारे उणे 32,000 (अंश·सेमी²/डेसिमोल) यायला हवं. बफर 10 मिलिमोलर फॉस्फेट. मीठ हवंच असेल तर सोडियम फ्लोराइड, कारण क्लोराइड 200 च्या खालचं सगळं खाऊन टाकतं. एसडीएस या ऋणभारित डिटर्जंटमधल्या हेलिक्सवर भाळू नका, धनभारित पेप्टाइड तिथे सहज वळतात. लिपिडची व्हेसिकल्सच (पटलाच्या सूक्ष्म पोकळ पिशव्या) घ्या. आणि संहती वजनावरून काढू नका. पावडरीत शुद्धीकरणातून आलेलं टीएफएचं (ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्लाचं) मीठ आणि पाणी असतं, आपल्याकडच्या पावसाळ्यात तर कुपी खोलीच्या तापमानाला येण्याआधी उघडली की लगेच ओल धरते. निव्वळ पेप्टाइड 70 टक्के असेल तर मोजलेली हेलिक्सही खऱ्याच्या 70 टक्केच भरते, आणि दोष विनाकारण ॲगाडिरच्या माथी जातो. यासाठी रचतानाच शेवटी ग्लायसिनचं अंतर राखून एक टायरोसिन ठेवा आणि संहती 280 नॅनोमीटरच्या शोषणावरून, 1490 हा गुणांक धरून काढा. ग्लायसिन मध्ये नसेल तर टायरोसिन 222 च्या सिग्नलमध्येच ढवळाढवळ करतं.