गालातासारायची जर्सी घेताना आधी तारे मोजा

नाशिकच्या शालिमार भागातल्या एका खेळसाहित्याच्या दुकानात बार्सिलोना, रेआल माद्रिदच्या शेजारी आता इस्तंबूलच्या गालातासारायच्या जर्सीही टांगलेल्या असतात. नायजेरियाचा स्ट्रायकर ओसिमेन तिकडे खेळायला लागल्यापासून टर्फवरची पोरं त्या मागायला लागली आणि दुकानाने मालही भरला. हे मनापासून आवडलं. तुर्की फुटबॉलचा एवढा मोठा क्लब नाशिकात खुंटीवर दिसावा, ही आनंदाचीच गोष्ट आहे.

माल तीन तऱ्हेचा आहे. चारशेच्या आतबाहेरची साधी, आठशेच्या आसपासची ‘मास्टर कॉपी’, म्हणजे असलीच्या जवळ जाणारी नक्कल, आणि संघासाठी नाव-नंबर टाकून शिवून मिळणारी. यातली एकही क्लबची अधिकृत नाही, किंमतच ते सांगते. कापड आणि शिलाई पैशाच्या मानाने चांगली आहे. मार खातो तो इतिहास. आणि या क्लबचा इतिहास तर जर्सीच्या छातीवरच असतो, त्यामुळे चूक लपत नाही.

पहिलं काम, बोधचिन्हावरचे तारे मोजायचे. तुर्की लीगमध्ये दर पाच विजेतेपदांमागे एक तारा मिळतो. गालातासारायचं विसावं विजेतेपद 2014-15 चं, तेव्हा चौथा तारा आला. पंचविसावं 2024-25 चं, तेव्हा पाचवा. पाच तारे मिळवणारा तुर्कस्तानातला हा पहिला क्लब. याला कंपनीची जोड द्या म्हणजे हिशोब पक्का होतो. 2011 पासून 2023-24 च्या हंगामापर्यंत जर्सी नायकेची होती, 2024-25 पासून प्यूमाची आहे. म्हणजे नायकेची खूण आणि पाच तारे एकत्र असलेली जर्सी कधी अस्तित्वातच नव्हती. दुकानात नेमकी तीच सगळ्यात पुढे लावलेली आहे. प्यूमा आणि चार तारे असतील तर ती 2024-25 ची, प्यूमा आणि पाच असतील तर त्यानंतरची. ओसिमेन सप्टेंबर 2024 मध्ये आला आणि त्याचा नंबर 45. तेव्हा नायकेच्या जर्सीवर ओसिमेन 45 दिसला तर सरळ बाजूला ठेवा. अर्जेंटिनाचा स्ट्रायकर इकार्दी याचं थोडं वेगळं आहे. पहिल्या हंगामात, 2022-23 मध्ये, त्याचा नंबर 99 होता, पुढच्या हंगामापासून 9. दोन्ही नंबर खरे, फक्त वर्ष जुळायला हवं.

‘रेट्रो 2000’ म्हणून जी जर्सी विकतात, तिच्यावरही पाच तारे आहेत. इथे मात्र वाईट वाटतं, कारण ते साल या क्लबचं सोन्याचं साल. 17 मे 2000 रोजी कोपनहेगनच्या पार्कन मैदानात यूएफा कप या युरोपीय क्लब स्पर्धेची अंतिम लढत, समोर आर्सेनल. 120 मिनिटांत गोल नाही. जादा वेळेत गालातासारायच्या हाजीला लाल कार्ड मिळालं, उरलेला सामना दहा जणांनी रेटला. पेनल्टींवर आर्सेनलच्या शुकर आणि विएराचे फटके गोलच्या चौकटीवर आदळले, गालातासारायच्या पोपेस्कूने शेवटचा फटका आत घातला आणि निकाल 4-1. प्रशिक्षक फातिह तेरिम, गोलरक्षक ताफारेल. त्याच हंगामात लीग आणि तुर्की कपही यांचाच. ऑगस्टमध्ये मोनाकोत रेआल माद्रिदला 2-1 हरवून युरोपचा सुपर कप आणला, दोन्ही गोल जार्देलचे. तोवर लीगची विजेतेपदं झाली होती 14. त्यामुळे त्या काळच्या जर्सीवर दोनापेक्षा जास्त तारे असूच शकत नाहीत. हाजीचा 10 नंबर पाठीवर आणि छातीवर पाच तारे, ही गल्लत दुकानदाराने गठ्ठा उघडतानाच पकडायला हवी होती.

आता रंग. 1905 मध्ये गालातासाराय शाळेतल्या अली सामी येन आणि त्याच्या सोबत्यांनी क्लब काढला. सुरुवातीचे रंग वेगळे होते, लाल-पिवळा आला 1908 मध्ये. तो आला तोही एका कापडाच्या दुकानातून. इस्तंबूलच्या बाजारात ‘लठ्ठ यांको’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दुकानदाराकडे दोन ताग्यांवर नजर ठरली. एक गर्द, चेरीकडे झुकणारा लाल आणि दुसरा नारिंगी छटेचा पिवळा. दोन्ही शेजारी धरल्यावर जाळासारखे दिसले, असं अली सामीने पुढे सांगितलं आहे. मेन रोडवर ब्लाउजपीस जुळवताना जसं कापडावर कापड टाकून बघतात, तसाच हा निर्णय झाला. म्हणून रंगाला सूट द्यायची नाही. दुकानातल्या साध्या जर्सीचा लाल भडक टोमॅटोसारखा आणि पिवळा लिंबासारखा आहे. मास्टर कॉपीचा लाल बराच जवळ जातो. इटलीच्या रोमा क्लबची जर्सीही गर्द लाल-पिवळीच असते आणि दोन्ही एकाच खुंटीवर लावलेल्या आहेत, तेव्हा चिन्ह बघून घ्या. लांडगीण असेल तर रोमा. गालातासारायच्या चिन्हात जी आणि एस ही दोन अक्षरं एकमेकांत गुंफलेली असतात. तुर्कस्तानात 1928 मध्ये लिपी बदलली, त्याआधी हेच चिन्ह अरबी लिपीतल्या गैन आणि सीनचं होतं. क्लबला सिंह म्हणतात, पण चिन्हात सिंह नसतो.

संघासाठी शिवून घेणार असाल तर काम सबलिमेशनवर होतं. पांढऱ्या पॉलिएस्टरवर छापील कागद ठेवून साधारण 200 अंशांवर पाऊण ते एक मिनिट दाबतात. सुती कापडावर ही छपाई टिकत नाही. ताप कमी पडला तर गर्द लाल गुलाबट होतो, जास्त वेळ दाबलं तर तपकिरी. कागदावर रंग फिकाच दिसतो, त्यावरून हो म्हणू नका. तळहाताएवढा तुकडा आधी छापून मागा आणि तो दुकानातल्या एलईडीखाली नाही, बाहेर उजेडात बघा. हे सांगितल्यावर दुकान कुरकुर न करता तुकडा काढून देतं, ही त्यांची जमेची बाजू.

अर्धी लाल, अर्धी पिवळी जर्सी ही क्लबची ओळख, तुर्कीत तिला ‘पार्चाली’ म्हणतात. हीच करायला सगळ्यात अवघड. एका वेळी कापडाचे बरेच थर कापले की खालचे थर सरकतात आणि दोन रंगांमधली रेघ गळ्याच्या मध्यावरून हलते. तपासायची पद्धत सोपी आहे. खांद्याला खांदा जुळवून जर्सी उभी घडी घाला, रेघ घडीवर पडली पाहिजे. पाहिलेल्या तुकड्यांत काहींची रेघ बोटभर सरकलेली होती. त्यापेक्षा दोन रंगांची कापडं मधोमध शिलाई मारून जोडायला सांगा. मजुरी थोडी वाढते, पण रेघ सरळ राहते.

पाठीवरच्या नावात तुर्की अक्षरांची काळजी घ्या. क्लबचा जुना गोलवीर हाकान शुकूर याचं नाव लिहिताना एसखाली शेपटी आणि दोन्ही यूंवर दोन-दोन ठिपके लागतात. माजी खेळाडू आक्तुर्कोलूच्या नावात जीवर छोटी कमान येते. तुर्कीत ठिपक्याचा आय आणि बिनठिपक्याचा आय ही दोन वेगळी अक्षरं आहेत, कॅपिटलमध्येसुद्धा. दुकानातल्या संगणकावरच्या नेहमीच्या जर्सी फॉण्टमध्ये यातली काही अक्षरं नाहीत. तिथे चौकोन येतो किंवा अक्षर गळतं आणि घाईत तसंच छापलं जातं. नाव टाइप करून मोबाइलवर पाठवा, पडद्यावरचा नमुना अक्षर-अक्षर बघून मगच होकार द्या.

मापाच्या चिठ्ठीवर भरवसा ठेवू नका. साध्या जर्सीचा एल आणि मास्टर कॉपीचा एल यांत चांगला दीड-दोन इंचांचा फरक आहे. एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप धरा. छाती 40 असेल तर सपाट माप 21 इंच हवं.

चिकटवलेले नाव-नंबर असतील तर पहिले दोन दिवस धुवू नका. नंतर उलटी करून थंड पाण्यात धुवा, पिळू नका, छपाईवर इस्त्री फिरवू नका. आणि एप्रिल-मेमध्ये गच्चीवर उन्हात तर अजिबात नको. आधी पिवळा उतरतो, मग नंबरच्या कडा सुटायला लागतात. घरात पंख्याखाली तासा-दोन तासांत वाळते.