विश्रामबागेतील इंग्रजी संभाषण वर्ग : एका डॉक्टरचा अभिप्राय

मिरजेतील एका परिषदेत भेटलेल्या जपानी शल्यविशारदांशी चहाच्या टेबलावर बोलताना आम्हा दोघांचीही तारांबळ उडाली (चहा मात्र फक्कड होता), म्हणून मी सांगलीतील या वर्गात 8 आठवडे गेलो. जपानमध्ये वैद्यकीय शिक्षण प्रामुख्याने जपानीतूनच होते आणि मेइजी काळातील (1868 ते 1912) जर्मन प्रभावामुळे रुग्णाच्या नोंदपत्राला तिथे आजही ‘कारुते’ (जर्मन ‘कार्टे’ या शब्दावरून) म्हणतात. त्यामुळे इंग्रजी शोधनिबंध वाचणारे तेथील अनेक डॉक्टर प्रत्यक्ष प्रश्नोत्तरांत अडखळतात. मराठी माध्यमातून आलेल्या आमचे दुखणेही तेच. वर्गात ‘कळ’, ‘ठणका’ आणि ‘चमक’ यांतला फरक इंग्रजीत सांगण्याचा सराव उत्तम करून घेतात. मात्र तुकडीत 22 जण असल्याने बोलण्याची पाळी क्वचितच येते आणि त्या मानाने 3,500 रुपये शुल्क जास्तच वाटते.