पाव किलो फल्लीदाण्यासाठी बारा वेळा बोट: किराण्याच्या बिलिंग मशीनचं परीक्षण

संध्याकाळचे सात. नागपुरात महाल असो की गोकुळपेठ, किराणा दुकानात गर्दी. "भाऊ, पाव फल्लीदाणे द्या, वीसची साखर अन् एक तेलाचं पाकीट." (फल्लीदाणे म्हणजे शेंगदाणे.) एवढं म्हणायला गिऱ्हाइकाला चार सेकंद लागतात, आणि तेवढ्यात मागून कोणीतरी विचारतं, "माही यादी झाली का जी?" बिलिंग मशीनची परीक्षा या वेळी घ्यायची. सकाळी अकराला रिकाम्या दुकानात विक्रेता डेमो देतो, तेव्हा सगळीच मशीनं छान चालतात.

इथे पाहतोय ते हातात मावणारं अँड्रॉइड मशीन: साडेपाच इंची स्क्रीन, वरच्या टोकाला ५८ मिलिमीटर कागदाचा थर्मल (शाईऐवजी उष्णतेने छापणारा) प्रिंटर, मागे कॅमेरा, आत सिम आणि आधीच टाकलेलं बिलिंग ॲप. कंपनीचं नाव देत नाही. हेच यंत्र बाजारात पाच-सहा नावांनी मिळतं. कव्हरचा आणि ॲपचा रंग तेवढा बदलतो. म्हणून पुढच्या बऱ्याच गोष्टी तुमच्यासमोर येणाऱ्या दुसऱ्या नावाच्या मशीनलाही लागू पडतील.

आधी जे चांगलं आहे ते. बारकोड असलेला माल झटपट होतो. साबण, बिस्किट, चहाचं पाकीट कॅमेऱ्यासमोर धरलं की ओळ बिलात. नेट गेलं तरी बिल बनतं आणि नेट आल्यावर आपोआप वर चढतं. बिलाचा क्रमांकही मध्ये तुटत नाही, जे स्वस्त ॲपमध्ये हमखास तुटतं. फक्त पाकीटबंद माल विकणाऱ्या दुकानदाराने पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

पण आपल्याकडचा किराणा सुट्या मालावर चालतो, आणि इथेच कळतं की हे ॲप सुपरमार्केटचा काउंटर डोळ्यापुढे ठेवून बनवलंय. पाव किलो फल्लीदाणे बिलात घालायचे तर: शोधाच्या चौकटीवर एक बोट, तीन अक्षरं, यादीतून वस्तू निवडणे, प्रमाणाच्या चौकटीवर बोट, तिथे आधीपासून बसलेला '१' पुसणे, मग शून्य, टिंब, दोन, पाच, आणि शेवटी 'ठीक'. मोजा, बारा. हाताला गुळाचा नाहीतर तेलाचा अंश असला की टिंबाचं बटण दोनदा लागतं किंवा लागतच नाही. ते बटण इतर बटणांच्या निम्म्या रुंदीचं आहे. टिंब चुकलं की ०.२५ चे २५ किलो होतात आणि ॲप निमूट ३,५०० रुपयांचं बिल दाखवतं. सुट्या मालाला कमाल वजनाची मर्यादा घालायची सोय सेटिंगमध्ये आहे, पण ती बंद अवस्थेत येते. पहिल्या दिवशीच ५ किलोवर लावून घ्या.

बारावरून तीनवर येण्याचा रस्ताही याच ॲपमध्ये आहे, पण कोणी सांगत नाही. सेटिंगमध्ये 'क्विक क्वांटिटी' चालू करा आणि तिथे ०.१२५, ०.२५०, ०.५००, ०.७५० आणि १ भरा. बटणांवर आकडे येतात. त्यांची नावं बदलून 'अर्धा पाव', 'पाव', 'अर्धा', 'पाऊण', 'किलो' करता येतात. मग रोजच्या खपाच्या चोवीस वस्तू 'आवडते' पानावर ठेवा. आता फल्लीदाण्याची चौकट, 'पाव', आणि 'जोडा'. झालं.

त्याआधी एक गोष्ट मात्र तपासा: वजनाचे दशांश किती आहेत. यंत्र दोनवर ठरवून येतं. त्यामुळे अर्धा पाव म्हणजे ०.१२५ भरलं की ॲप त्याचं ०.१३ करतं. ४०० रुपये किलोच्या जिऱ्यात ५० रुपयांचे ५२ होतात. गिऱ्हाईक दोन रुपयांसाठी भांडणार नाही, पण बिल पाहून एकदा का शंका आली की ती पुढच्या प्रत्येक बिलावर राहते. दशांश तीन करा.

"वीसची साखर" हे या मशीनचं सगळ्यात दुखरं ठिकाण. आपल्याकडे निम्मा सुटा माल रुपयांच्या हिशेबाने मागितला जातो, आणि ॲपला फक्त वजन कळतं. साखर ४४ रुपये किलो असेल तर वीस रुपयांत ४५४.५ ग्रॅम बसते. दुकानदाराने कॅल्क्युलेटर काढून ०.४५५ भरलं तर बिलात २०.०२ येतात, ०.४५४ भरलं तर १९.९८. मग 'राउंड ऑफ'ची ओळ बिलात येते आणि गिऱ्हाईक ती वाचून विचारतं, हे काय? पाहिजे होतं ते असं: रक्कम २० पक्की धरायची आणि वजन ॲपने काढायचं. गणित एका भागाकाराचं आहे. ते राहून गेलं, कारण ॲप आखणारा कोणी दुकानाच्या गल्ल्याशी तासभर उभा राहिलेला नाही. वापरणाऱ्याला केंद्रस्थानी धरून यंत्रणा आखायच्या कामाला आयएसओ ९२४१-२१० नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, २०१९ ची सुधारित आवृत्ती. त्यात पहिलं काम सांगितलंय ते हेच: वापर कुठे, कोणाकडून आणि कशा परिस्थितीत होतो ते समजून घेणं. सध्याचा तोडगा म्हणजे 'साखर २० ची' अशी वेगळी वस्तू बनवून नगावर विकणे. साठ्याचा हिशेब बिघडतो, बिल तेवढं बरोबर येतं.

आता नावं. मशीनसोबत हजारेक वस्तूंची तयार यादी येते. त्यात शेंगदाणा आहे, कोथिंबीर आहे, बटाटा आहे, वरई आहे. नागपूरचं गिऱ्हाईक फल्लीदाणे, सांभार, आलू आणि भगर मागतं, आणि काउंटरवरचा पोरगाही तेच शोधतो. 'सांभार' लिहिलं की ॲप सांबार मसाल्याची पाकिटं दाखवतं, हा प्रकार पहिल्यांदा गमतीचा वाटतो. शोधाला ऱ्हस्व-दीर्घाचा किंवा उच्चाराचा फरकही चालत नाही: 'तुर' लिहिलं तर 'तूर' सापडत नाही, 'दाळ' लिहिलं तर 'डाळ' नाही. पर्यायी नावाची जागा वस्तूच्या चौथ्या पानावर 'अल्टरनेट कोड' या नावाखाली लपली आहे आणि तिथे एकच नाव मावतं.

यावर एक खात्रीचा उपाय आहे. वस्तूचं 'नाव' आणि 'छापायचं नाव' अशा दोन वेगळ्या जागा ॲपमध्ये आहेत, आणि शोध नावात कुठेही जुळणी करतो. तेव्हा नावाच्या जागी सगळे शब्द एका ओळीत भरा. 'falli' असं रोमन मिसळायचीही गरज नाही, 'फल्ली फली शेंगदाणा' पुरे. छापायच्या नावात फक्त 'फल्लीदाणे' ठेवा. सहाशे वस्तूंना हे एक्सेलमध्ये करून एकदम चढवता येतं. यंत्रावर एकेक करत बसलात तर आठवडा जाईल.

छपाईचं वेगळंच. या रुंदीच्या कागदावर प्रत्यक्ष छापलं जातं ४८ मिलिमीटर, म्हणजे ३८४ ठिपके, मिलिमीटरला आठ. प्रिंटरच्या स्वतःच्या अक्षरसंचात देवनागरी नसते, म्हणून ॲप मराठी ओळ चित्र म्हणून पाठवतं. चित्र बनवताना अक्षरजुळणी नीट झाली नाही तर 'किलो'तली वेलांटी 'क'च्या मागे जाऊन बसते. तपासायला एवढं पुरेसं आहे: 'खोबऱ्याचा कीस, पाव किलो' छापून पाहा. यातला आडवा र आणि पहिली-दुसरी वेलांटी नीट आली तर बाकी सगळं येईल. या मशीनवर ते बरोबर आलं. मात्र अक्षराचा आकार 'लहान' ठेवला की अनुस्वार आणि वेलांटीचं टोक एकमेकांत मिसळतं आणि 'हिंग'चा 'हिग' होतो. 'मध्यम' ठेवा. त्याने प्रत्येक वस्तूला दोन ओळी, म्हणजे सुमारे एक सेंटिमीटर कागद लागतो. चाळीस वस्तूंच्या महिन्याच्या यादीला ४० सेंटिमीटर. १५ मीटरच्या रोलमध्ये अशी सदतीस बिलं.

थर्मल कागदाला उष्णता, ऊन, तेल आणि प्लास्टिकची पिशवी, चारही वावडं. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा गल्ल्याशेजारी ठेवलेली बिलं दिवाळीपर्यंत वाचता येतील ही आशा सोडा. फल्ली तेलाचा हात लागलेलं बिल तर महिनाभरही टिकत नाही. उधारीचा पुरावा म्हणून ही चिठ्ठी ठेवू नये. बॅटरीचंही तसंच. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर गेली की मशीन चार्जिंग थांबवतं. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी चार्जरला लावून "चार्जच होत नाही" म्हणून दुरुस्तीला नेण्याआधी पंख्याखाली अर्धा तास ठेवून पाहा. चार्जिंग सकाळी दुकान उघडताना करून घेतलेलं बरं.

पैसे घेण्याच्या पानावर एक धोका आहे. बिलाच्या रकमेचा क्यूआर स्क्रीनवर येतो, गिऱ्हाइकाला आकडा भरावा लागत नाही, हे चांगलंच. पण हा क्यूआर म्हणजे फक्त यूपीआय पत्ता आणि रक्कम गुंफलेली चिन्हं आहेत. पैसे आले की नाही हे ॲपला कळायची वाटच नाही, आणि तरीही पान बंद केलं की बिलावर 'जमा' लागतं. क्यूआर दाखवा, पैसे देऊ नका, पान बंद करा, आणि बिलाची स्थिती पाहा. ही तपासणी खरेदीआधी करायची. बँकेचा बोलणारा डबा असेल तर त्याचा आवाज ऐकल्याशिवाय पान बंद करायचं नाही, एवढी शिस्त पोराला लावावी लागेल.

याच पानावर, क्यूआरच्या डोक्यावर, ठळक लाल अक्षरात 'मागील बाकी' येते. क्यूआर दाखवायला मशीन गिऱ्हाइकाकडे फिरवायचं, म्हणजे शेजारी उभ्या चार जणांना काकूंची ३,४५० ची उधारी दिसणार. वहीत हे कधी होत नव्हतं. दुकानदार वही आपल्याकडे तिरपी धरत असे. बाकी लपवायचं बटण आहे, सेटिंग, मग 'बिल', मग 'कस्टमर इन्फो'. दुसरं, उधारीचं खातं उघडायला मोबाइल क्रमांक सक्तीचा. दुकानदार माणसं ओळखतो ती 'देशमुख काकू, दुसरा माळा' अशी. सक्ती काढता येत नाही, म्हणून लोक दहा शून्य भरतात आणि दुसऱ्या शून्यवाल्याला ॲप 'खातं आधीच आहे' म्हणून अडवतं. यादीतला क्रमांक वापरा: ०००००००००१, ०००००००००२ असं दहा अंकी करत जा. ओंगळ आहे, पण चालतं.

थांबवलेलं बिल एकच ठेवता येतं. यादी देऊन भाजी आणायला गेलेली दोन गिऱ्हाइकं एकदम असली की दुसऱ्याचं कागदावर. किमान पाच बिलं थांबवता यायला हवीत.

जीएसटीचा भाग मात्र विचार करून केलाय. दराला लागू होण्याची तारीख जोडता येते, त्यामुळे २२ सप्टेंबर २०२५ ला साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल १८ वरून ५ टक्क्यांवर आलं, त्याआधीच्या बिलाचा माल परत आला तर जुना दर लागतो. सुटी तूरदाळ आणि आधीच पाकीटबंद, लेबल लावलेली २५ किलोपर्यंतची तूरदाळ या दोन वेगळ्या वस्तू बनवा. पहिलीवर कर नाही, दुसरीवर ५ टक्के. गिऱ्हाइकासमोर तोलून पुडीत बांधली तर ती सुटीच.

वजनकाटा जोडायचा असेल तर सोबत येणारा तंत्रज्ञ काट्याचं झाकण उघडून पोर्ट बसवू म्हणेल. उघडू देऊ नका. वैधमापन शास्त्र विभागाची मुद्रा तुटते, आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची दर बारा महिन्यांनी होणारी पडताळणी मधेच करावी लागते. पोर्ट असलेलाच काटा घ्या. जोडल्यावर ॲपमध्ये 'स्थिर वजन' पर्याय चालू करा, नाहीतर पुडी टेकवताक्षणीचं हलतं वजन बिलात जातं.

सुटा माल अर्ध्याहून कमी आणि काउंटरवर शिकायला तयार पोरगा असेल तर हे मशीन घ्यायला हरकत नाही. दोन दिवस मांडणीत घालवायची तयारी ठेवा. इतवारीतल्या ठोक दुकानाने घेऊ नये, त्यांना पोत्याचा आणि हमालीचा हिशेब लागतो आणि तो यात नाही. पैसे देण्याआधी एक गोष्ट विक्रेत्याकडून पावतीवर लिहून घ्या: ॲपची वार्षिक वर्गणी संपल्यावर जुनी बिलं आणि उधारी पाहता, एक्सेलमध्ये काढता येतील का. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात, आणि या ॲपमध्ये वर्गणी संपली की पहिलं कुलूप 'अहवाल' या पानाला लागतं.