प्रौढांच्या ऑनलाइन वर्गासाठी मूडल: वर्षभराच्या वापरानंतर

गोव्यातल्या फोंड्याहून मी छोट्या व्यावसायिकांसाठी हिशेब आणि जीएसटीचा ऑनलाइन वर्ग घेते. वर्षाहून जास्त काळ तो मूडलवर चालतोय. ऑनलाइन वर्ग चालवण्याची ही मुक्त प्रणाली २००२ साली ऑस्ट्रेलियातल्या मार्टिन डुगियामस यांनी आणली. परवान्याचे पैसे पडत नाहीत, सर्व्हरचा खर्च मात्र आपला. वर्गात म्हापशाचे किराणा दुकानदार आहेत, साखळीच्या बचत गटातल्या बायका आहेत, वेर्ण्याला रात्रपाळी करून घरचं दुकान बघणारेही आहेत.

सगळ्यात उपयोगी पडली ती चाचणीतली ‘इंटरॅक्टिव्ह’ पद्धत. उत्तर चुकलं की तिथेच सूचना दिसते आणि पुन्हा प्रयत्न करता येतो. दर चुकीला कापले जाणारे गुण मी शून्यावर आणून ठेवले. पन्नाशीच्या माणसाला चुकायला हरकत नसते, चारचौघांत नापास ठरायला असते. इथे त्याची चूक त्याच्यापाशीच राहते. गुण कापणं थांबल्यावर लोक एकेक चाचणी आपणहून पुन्हा सोडवू लागले.

दुसरी गोष्ट प्रश्नोत्तराच्या चर्चेची. या प्रकारात आपलं उत्तर टाकल्याशिवाय इतरांची दिसत नाहीत. पाच टक्के कर लावणाऱ्या खाणावळीला खरेदीवरच्या कराची वजावट का मिळत नाही, हे मी विचारलं, तेव्हा खाणावळवाल्या ताईंनी स्वतःच्या गॅसच्या आणि मसाल्याच्या बिलांवरून जे लिहिलं ते माझ्या टिपणांपेक्षा सरस होतं. मोठ्यांना शिकवताना त्यांचा अनुभव हेच अर्धं पाठ्यपुस्तक असतं. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ माल्कम नोल्सनी प्रौढशिक्षणाबद्दल हेच मांडलं आहे, आणि ते मला इथे रोज दिसतं.

मूडलच्या अ‍ॅपवर धडे उतरवून नेटशिवाय वाचता येतात. पावसात सत्तरी तालुक्यात वीज आणि रेंज दोन्ही जातात, तेव्हा हीच सोय वर्ग तगवते. व्हिडिओ मात्र लहानच ठेवा.

धडा पूर्ण केल्याचे डिजिटल बिल्ले देण्याची सोय आहे, पण मी ती वापरत नाही. माणसं येतात ती कामासाठी. दरमहा विवरण भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ ची (विक्रीच्या तपशिलाचं विवरण) मुदत ११ तारखेची आणि जीएसटीआर-३बी ची (कर भरण्याचं सारांश विवरण) २० तारखेची, म्हणून त्या-त्या विवरणाचा धडा मी आदल्या आठवड्यात उघडते. शिकलेलं लगेच स्वतःच्या विवरणात भरता आलं की पुढच्या धड्यासाठी कोणाला आग्रह करावा लागत नाही. गणेश चवथीच्या आठवड्यात काहीच ठेवत नाही. पर्यटनाच्या हंगामात चाचण्यांच्या मुदती सैल सोडते.

कोण किती दिवस आलेलं नाही, हे अहवालात दिसतं. ते पाहून मी फोन करते. अभ्यासाचं न विचारता आधी दुकान कसं चाललंय ते विचारते. बरेच जण त्या फोननंतर परत येतात. हे काम कुठल्याही प्रणालीवर सोपवू नये, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवातीची मांडणी वेळखाऊ आहे. जाणकार कोणी सोबत असेल तरच हात घाला. नुसती टिपणं पाठवायची आणि गृहपाठ गोळा करायचा असेल, तर गूगल क्लासरूम पुरेसं आहे.