मॉस कॅम्पियन रत्नागिरीत: दिवाळी ते श्रावण

आधी निकाल सांगते. कोकणात, समुद्रसपाटीला, बाग सजवायला म्हणून मॉस कॅम्पियन घेऊ नका. बी रुजतं, रोपं धरतात, थंडीभर गोजिरी दिसतात. पण एप्रिल-मेचा उष्मा आणि मागून येणारा पाऊस यांत ती टिकत नाहीत. फूल तर सोडाच. तरीही हे झाड हाताळलं याचा मला मनापासून आनंद आहे. आमच्या सड्यावरची, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावरची, झाडं मी त्याच्यामुळे नव्याने पाहू लागले.

सायलीन अकॉलिस हे त्याचं शास्त्रीय नाव. कार्नेशनच्या कुळातलं. आल्प्स, स्कॉटलंड-वेल्सचे डोंगर, नॉर्वे, आइसलँड, रॉकी पर्वत, असा त्याचा मुलूख. बर्फ वितळल्यावर उघडे पडणारे खडकाळ उतार हे त्याचं घर. पानं अरुंद, जेमतेम सेंटिमीटरभर. फांद्या इतक्या आखूड आणि दाट की सगळं झाड मिळून जमिनीला चिकटलेली हिरवी उशी होते. तिच्यावर पाच पाकळ्यांची छोटी गुलाबी फुलं. वर बोटभरही उंची नाही, पण खाली सोटमूळ मीटरभर खोल जाऊ शकतं. वाढ फार सावकाश. रानात फुलावर यायलाच साधारण दहा वर्षं लागतात आणि काही उश्यांचं वय ३०० वर्षांहून जास्त असल्याचा अंदाज आहे. एवढं आयुष्य असलेलं झाड कुंडीत लावताना मन जरा दबतंच.

बागेतल्या जातींबद्दल. 'आल्बा' पांढऱ्या फुलांची, 'फ्रान्सिस' सोनेरी-पिवळसर पानांची, 'माउंट स्नोडन' घट्ट, बसक्या उशीची. दुहेरी पाकळ्यांचीही एक जात आहे. अशा नावाच्या जाती फुटवे लावून वाढवतात, कारण बियाण्यातून मूळ गुण तसाच उतरेल याची खात्री नसते. म्हणून 'फ्रान्सिसचं बी' असं कुणी विकत असेल तर चार प्रश्न विचारा. शिवाय ही झाडं सखल प्रदेशातल्या बागेत फुलायला कंजूष असतात अशी युरोपातल्या बागकाम करणाऱ्यांचीही जुनी तक्रार आहे. तिथे थंडी असून ही गत.

मी ऑनलाइन दोन पाकिटं मागवली होती, दोन्ही देशातल्याच विक्रेत्यांकडून. परदेशातून टपालाने बी मागवायचं तर आयात परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो. त्या भानगडीत पडू नका. एका पाकिटात खरं बी निघालं: बारीक, तपकिरी, मूत्रपिंडाच्या आकाराचं. दुसऱ्यावर 'मिक्स कलर' लिहिलेलं आणि चित्रात निळी, पिवळी, जांभळी फुलं. मॉस कॅम्पियन गुलाबी असतं, क्वचित पांढरं. निळं-पिवळं दिसलं की ते पाकीट दुसऱ्याच कशाचं तरी आहे हे समजून चाला. आतलं बी पोलादी करड्या रंगाचं होतं आणि ते कशाचं, ते पुढे येईलच.

खऱ्या बियाण्याला रुजण्याआधी थंडी दाखवावी लागते. ओलसर वाळूत मिसळून, डबीत घालून, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात महिना-दीड महिना. घरात कुणी ती डबी मसाल्याची समजून उघडू नये म्हणून वर चिठ्ठी लावा. डिसेंबरमध्ये बाहेर काढून पसरट मातीच्या कुंडीत पेरलं. मातीत अर्धी काळ्या दगडाची बारीक खडी, थोडी नदीची धुतलेली वाळू, थोडं जुनं पालापाचोळ्याचं खत. कोकोपीट अजिबात नाही, ते पाणी धरून ठेवतं. समुद्राची वाळूही नको, तिच्यात मीठ. रोपांच्या बुडाशी खडीचा थर दिला, म्हणजे मान कोरडी राहते.

डिसेंबर-जानेवारी हा काळ सुरेख गेला. पहाटे मतलई वारा सुटला की रत्नागिरीतही अंगावर शाल घ्यावीशी वाटते, रात्री पारा २० अंशांच्या आसपास येतो. रोपं हळूहळू दाट झाली. फेब्रुवारीत एकेक ठिपका रुपयाच्या नाण्याएवढा झाला होता, हाताला घट्ट आणि किंचित टोचरा. शेजारच्या काकू रोज येऊन विचारायच्या, "गो, शेवाळ कसला वाढवतेस?" मी त्यांना भिंग दिलं. त्यानंतर त्या माझ्याआधी कुंडीपाशी असायच्या.

मार्चमध्ये उशीचा मधला भाग आतून पिवळा पडू लागला. वरून पानं ताजी, बोटाने उघडून बघावं तर आत तपकिरी. पाणी कमी केलं, कुंडी पूर्वेच्या पडवीत आणली, दुपारचं ऊन तोडलं. तरी एकेक जात राहिलं.

याचं कारण त्या उशीतच आहे. उंच डोंगरावर हवा थंड आणि वारा सतत. पानांची दाटी वारा अडवते, उन्हाची ऊब आत कोंडून धरते. स्वच्छ उन्हात उशीच्या आत बाहेरच्या हवेपेक्षा दहा-दहा अंशांनी जास्त तापमान भरतं. बाहेर आठ-दहा अंश असताना आत विशीचं हवामान, म्हणजे झाडाने स्वतःपुरता उन्हाळा तयार केला. जुनी पानंही गळून न पडता आतच कुजतात, ओल धरतात, स्वतःचंच खत होतात. काही ठिकाणी दुसऱ्या झाडांचं बीही त्या उबेत रुजतं. आता हीच रचना आमच्या अंगणात आणून बघा. बाहेर ३३ अंश, हवा दमट, आणि आत त्याहून गरम, ओली, वारा न शिरणारी जागा. बुरशीला याहून चांगलं घर कुठलं? त्यात आमच्या रात्री. एप्रिल-मेमध्ये पारा रात्रीही २५ अंशांच्या आसपासच राहतो, आणि दिवसभर कमावलेली साखर झाड रात्रीच्या श्वसनात खर्च करून बसतं. जे रूप तिथे त्याला वाचवतं तेच इथे घात करतं. पाणी, खत, औषध यांनी हा प्रश्न सुटणारा नाही, म्हणून त्यावर पैसे घालवू नका. महाबळेश्वरला जमेल का, असं बहिणीने विचारलं. उंची आहे, पण पाऊस आमच्याहून कितीतरी जास्त. मला आशा वाटत नाही. लाहौल किंवा लडाखकडे कुणी नातेवाईक असेल तर त्यांनी जरूर लावावं. लडाखात याच कुळातलं थायलॅकोस्पर्मम नावाचं झाड दगडासारख्या कडक उश्या करून राहतंच.

शेवटचं रोप पडवीत श्रावणापर्यंत तगलं.

दुसरं पाकीट निघालं ऑफिस टाइमचं, म्हणजे पोर्टुलाका. इंग्रजीत त्यालाही 'मॉस' जोडलेलं नाव आहे, बहुधा त्यावरूनच विक्रेत्याने खपवलं. हे झाड अर्जेंटिना, उरुग्वे, दक्षिण ब्राझीलकडचं. पानांत पाणी साठवतं, पसरून वाढतं, त्यामुळे वारा आरपार जातो आणि आत काही कोंडत नाही. खाऱ्या वाऱ्यात, तापलेल्या चिऱ्याच्या गडग्यावर ते मेअखेरपर्यंत भरभरून फुललं. एकेरी फुलांची रोपं माझ्याकडे दुहेरीपेक्षा जास्त टिकली. वळवाच्या सरीने दुहेरी फुलांत पाणी साचून ती कळ्यांसकट सडली.

आणि सड्यावर बघायला लागले तेव्हा कळलं की इथल्या कातळाची स्वतःची उत्तरं आहेत. आपण भाजी करतो ती चिवळ पोर्टुलाकाचीच सख्खी, कातळाला चिकटून पसरते. मॉस कॅम्पियनच्या कुळातलं पॉलिकार्पिया कातळावर रुपेरी फुलोरे काढतं. पावसात गेंद आणि सीतेची आसवं फुलतात, आणि बरीचशी झाडं उन्हाळ्याच्या वाटेला जातच नाहीत: बी किंवा कंद मागे ठेवून मोकळी होतात. किनाऱ्यावर मर्यादवेल वाळू धरून बसलेली असतेच. यातलं काहीही सड्यावरून उपटून आणू नका. कातळावरची ती बोटभर माती साठायला फार काळ गेलेला असतो.

ज्यांना मॉस कॅम्पियन एकदा डोळ्यांनी बघायचंच आहे त्यांनी एक छोटं पाकीट घ्यावं, दिवाळीत फ्रीजमध्ये घालावं आणि फेब्रुवारीपर्यंतचा सोहळा मानावा. शाळेतल्या मुलांना दाखवायला तर फारच छान. बागेत रंग हवा असेल तर एकेरी ऑफिस टाइम घ्या, आणि मृगाआधी त्याचे दोन-चार फुटवे पागोळीपासून लांब, कोरड्या खडीत लावून ठेवा.