ब्लॅकआउट पडदे घ्यावेत की डोळ्यांवरची पट्टी?

झोपायच्या खोलीत अंधार हवा, हे आता कुणाला नव्याने सांगायला नको. प्रश्न असतो तो अंधार करायचा कसा, याचा. मी दोन्ही उपाय बरेच दिवस वापरले आहेत, म्हणून ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठी लिहितोय.

आधी अंधार किती हवा ते पाहू. २०२२ साली या विषयातल्या संशोधकांनी मिळून शिफारस केली, की झोपण्याआधीचे तीन तास डोळ्यांवर १० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड नको आणि झोपेत जेमतेम १ लक्स. हे लक्स निळसर उजेडाला जास्त वजन देऊन मोजलेले आहेत, कारण शरीराच्या घड्याळाला निरोप देणाऱ्या डोळ्यातल्या पेशी त्याच उजेडाला सगळ्यात जास्त दाद देतात. पापण्या मिटल्या तरी उजेड थोडा आत जातोच. त्याच वर्षी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या प्रयोगात १०० लक्स उजेडात एकच रात्र झोपलेल्यांच्या हृदयाचे ठोके वाढलेले आढळले आणि सकाळी इन्सुलिनचं काम मंदावलेलं दिसलं.

पडद्यांचं मोठं सुख म्हणजे अंगावर काही घालावं लागत नाही आणि खोलीतल्या सगळ्यांचीच सोय होते. फक्त कापड कितीही दाट असलं तरी उजेड कडेने येतो. दांडीच्या वरच्या फटीतून रस्त्यावरच्या दिव्याचा पट्टा छतावर पडतो आणि एकदा तो दिसला की नजर तिथेच जाते. पडदा खिडकीपेक्षा चांगला रुंद घेतला आणि दांडीची टोकं भिंतीकडे वळलेली असली तर बराच फरक पडतो. पण राउटरचे लुकलुकणारे दिवे, दाराखालची फट, शेजारी वाचत बसलेल्या माणसाचा दिवा, यांना पडदा काय करणार?

पट्टी या सगळ्याला एकदम पुरते. तिचा त्रास वेगळा. कुशीवर वळलं की सरकते, मागचं वेल्क्रो केसांत अडकतं, उकाड्यात घाम येतो.

इथवर पारडं मला तरी समसमान वाटत होतं. माझा निर्णय झाला तो मध्यरात्री जाग येण्यामुळे. ज्यांना निद्रानाशाचा त्रास आहे त्यांना हे लगेच कळेल. गच्च अंधारात जाग आली की तीन वाजलेत की सहा, याचा पत्ता लागत नाही. मग हात उशाशी जातो आणि फोन उजळतो. डोळ्यांवर उजेड येतो तो येतोच, वर ‘आता चारच तास उरले’ हा हिशेब सुरू होतो. घड्याळ बघणं निद्रानाशात किती महागात पडतं, हे त्यावर उपचार करणारे नेहमी सांगतात. पट्टी असली की मी तिची खालची कड बोटाने जराशी उचलतो. खिडकीत काळोख असेल तर पुन्हा खाली, फिकटलं असेल तर उठायचं. आकडा कळतच नाही, आणि तेच हवं असतं. शिवाय पट्टी काढली की पहाटेचा उजेड थेट मिळतो आणि शरीराचं घड्याळ लावायला तो रात्रीच्या अंधाराइतकाच लागतो. पडद्यांच्या खोलीत मी जागा होऊनही कितीतरी वेळ जड डोक्याने पडून राहायचो.

माझ्या अनुभवाला थोडा आधारही आहे. २०२३ साली कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांनी पट्टी लावून झोपणाऱ्यांची तुलना डोळ्यांजागी भोकं असलेल्या पट्टीशीही केली. खऱ्या पट्टीनंतर नवीन गोष्टी जास्त चांगल्या लक्षात राहिल्या आणि सावधपणाही वाढला.

अर्थात, जुना निद्रानाश नुसत्या अंधाराने जाईल असं मी म्हणणार नाही. त्यासाठी सीबीटी-आय ही बोलण्यातून आणि सवयी बदलून होणारी उपचारपद्धत आधी करून बघावी, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्येच सांगितलं आहे.

रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्यांनी, किंवा खोलीत तान्हं बाळ असेल त्यांनी, पडदेच लावलेले बरे. काचबिंदू असेल किंवा डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, तर पट्टीबद्दल डॉक्टरांना विचारा. बाकीच्यांनी, माझं ऐकाल तर, आधी पट्टी लावून बघावी. डोळ्यांवर वाटीसारखी फुगीर असलेली घ्या, म्हणजे पापण्यांवर दाब येत नाही, आणि पट्टा मागे बक्कल नसलेला, रुंद इलॅस्टिकचा बघा.