उद्यमनगरातील डिफरन्शियलचे नेटके काम
उसाच्या ओल्या फडात आमच्या ट्रकचे एकच मागचे चाक जागेवर फिरत असे, म्हणून कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका छोट्या गॅरेजमध्ये तो दाखवला. मिस्त्रींनी गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून दोन्ही मागची चाके उचलली आणि त्यातले एक चाक हाताने फिरवले. दुसरे उलट दिशेने फिरले, म्हणजे वरकरणी साधेच डिफरन्शियल (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरांची जुळणी). परंतु लिमिटेड-स्लिपच्या, म्हणजे एकच चाक घसरून फिरणे रोखणाऱ्या डिफरन्शियलच्या, झिजलेल्या क्लच प्लेटाही असेच फसवतात, म्हणून त्यांनी कव्हर उघडूनच झिजलेल्या प्लेटांचे निदान केले, हे मला विशेष भावले. बेअरिंग कॅपवर डावी-उजवी खूण करणे, नव्या फ्रिक्शन (क्लच) प्लेटा आधी तेलात भिजवणे, क्राउन-पिनियन या मुख्य गिअर-जोडीच्या दात्यांमधली मोकळीक (बॅकलॅश) डायल गेजने तपासणे, यांत कोठेही घाई नव्हती. तेलात फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे प्लेटांचे घर्षण नियंत्रित ठेवणारे मिश्रण, हेही आठवणीने घातले. मजुरी मात्र किंचित जास्त वाटली.